नेवेन्काच्या खोलीची भिंत

कूबर पेडी

प्रिय नेवेन्का,

परवा दुपारी शेजारचा लेफ्टेरिस तुझ्या खोलीत आला, तो दारातून नव्हे, भिंतीतून. मी घेवड्याचं कालवण हलवत होते. धडाड आवाज झाला म्हणून धावले, तर तुझ्या पलंगावर दगडांचा ढिगारा आणि भोकातून डोकावणारं त्याचं धुळीनं माखलेलं तोंड. वर मलाच विचारतो, "वहिनी, तुम्ही इथे कशा?"

गावात ओपल रत्नांच्या खाणीला बंदी आहे, पण जमिनीखालचं आपलं घर वाढवायला नाही. त्यामुळे इथे प्रत्येकालाच अधूनमधून एक खोली कमी पडते. या खेपेला म्हणे त्याची मेहुणी येणार आहे. तिला विमानाची भीती वाटते, ती ग्रीस सोडून कधीच येणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. खोदताना ओपलची रंगीत रेघ दिसली आणि हा गडी त्या रेघेमागे सुटला. भिंत कुणाची, याचं भान राहिलं नाही. माफी मागायची सोडून म्हणाला, "खोली रिकामीच तर आहे वहिनी. अर्धं-अर्धं करू."

ती रेघ तुझ्या बाबांना आधीच दिसली होती. तू पोटात असताना त्यांनी ही खोली खोदली. वरचा वाळूचा दगड जिथे चिकणमातीच्या दगडाला टेकतो, तिथे वरून झिरपलेलं पाणी अडतं आणि ओपल धरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आता तुझी उशी आहे तिथेच रंग चमकला. दुसरा कुणी असता तर घराची चाळण केली असती. बाबांनी कुदळ खाली ठेवली. म्हणाले, "हा आपल्या ब्राच बेटावरचा शिंपल्यांचा चुनखडक नाही, टोन्का. हा ठिसूळ आहे. ही भिंत काढली तर छत बाळाच्या अंगावर येईल." त्यावर चुना फासला आणि मरेपर्यंत कुणाला बोलले नाहीत.

हे तुला फोनवर सांगायला गेले, तर तू मला धडा ऐकवलास. "आई, गाळाचा खडक आहे तो. समुद्रतळाशी वाळू बसली, वरच्या थरांच्या भारानं दबली, पाण्यातल्या क्षारांनी कण सांधले गेले. त्यात रडायचं काय? आणि ती खोली रिकामीच तर आहे." मी रडत नव्हते, मला संताप आला होता. ॲडलेडच्या पोरांना शिकव खुशाल. माझा जन्म गेला या खडकाच्या पोटात. आणि शब्दही तेच, लेफ्टेरिसचे! त्याचं एक समजू शकते, तो शेजारी आहे. छतातून गळलेली वाळू मी दर शनिवारी त्या पलंगावरून झाडते, चादर बदलते. रिकाम्या खोलीत कुणी चादर बदलतं का गं?

फोनवर तू हो-हो करून ठेवून देतेस, म्हणून हे लिहितेय. लेफ्टेरिसला मी ईस्टरपर्यंत थोपवलंय. ईस्टरला ये, तुझ्या पलंगावर झोप. ते भोक मी त्याच्याच हातानं बुजवून घेईन. येणार नसशील तर "आई, मला ती खोली नको" एवढं तुझ्या अक्षरात लिहून पाठव. मग पलंग बाहेर काढीन आणि ती भिंत मी स्वतः फोडीन. तिथे कुणी झोपणारच नसेल, तर छत धरून ठेवायचं कुणासाठी? काय हवं ते लिही, नेवेन्का. फक्त "बघते" असं लिहू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
आई