वेळ्ळम म्हणजे कोण?

५ ऑगस्ट
मीनूचा पाळणाघरातला पहिला दिवस. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या, आय मासळी घेऊन बाजारात बसायला लागली, आता नातीला सांभाळायला कोण? मला आठला लॅबमध्ये हजर व्हावं लागतं. मीनूचा बाबा शिबू त्याआधीच आगरदांड्याहून फेरीने पलीकडे दिघीला, बंदरावर वीजकामाला.
पाळणाघराच्या सुजाताताई बऱ्या वाटल्या. आवाज मऊ. फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना होता, बोटभर जागा. आयची कोळी बोली, शिबूचं मल्याळम, माझं शाळेत शिकलेलं मराठी, आणि मी नि तो आपसात हिंदी. मागे रांग होती. ‘मराठी’ लिहून सही केली.

११ ऑगस्ट
आता रडत नाही. दारात सोडलं की चपला स्वतः काढते.
रविवारी व्हिडिओवर अच्छम्माशी, म्हणजे शिबूच्या आईशी, बोलली. मग वळून तेच सगळं आयला आयच्या बोलीत सांगितलं. पावणेतीन वर्षांची पोर. पिण्याचं ते वेळ्ळम, कारण ते बाबा देतो. समुद्रातलं, अंघोळीचं ते पानी, कारण ते आयकडचं. तिनंच ठरवलंय. माझा ‘ण’ कुठेच नाही. शिबूला हसून सांगितलं, पण जरा लागलं.

२२ ऑगस्ट
पाण्याची बाटली पुन्हा भरलेलीच परत आली. तिसरा दिवस. ताई म्हणाल्या, समोर धरली तरी तोंड फिरवते, काही मुलं नाही पीत बाहेर. घरी आली की दारातच उभ्याउभ्या दोन पेले पिते. मी हसले.

२६ ऑगस्ट
ताप. शू करताना किंचाळते. सॅम्पल मीच लावलं लॅबमध्ये. स्लाइडवर पू-पेशीच पेशी. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडल्यानं. रोज दुसऱ्यांच्या पोरांचे रिपोर्ट टाइप करते मी.

२९ ऑगस्ट
लिहून ठेवते, नाहीतर स्वतःला काहीतरी बरं सांगत बसेन.
आज ताईंना भेटायला गेले. मीनू पाणी मागत नाही का, विचारलं. नाही म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, “ती दिवसभर वेलम, वेलम करायची. आम्हाला वाटलं, घरातलं कुणीतरी आहे. आम्ही सांगायचो, येईल हं संध्याकाळी.”
वेळ्ळम. पाणी मागत होती. आणि त्या प्रेमानं सांगत होत्या, संध्याकाळी येईल. पाचसहा दिवस मागितलं, मग मागायचंच सोडलं. पुढे बाटली समोर आली तरी तोंड फिरवायला लागली.
ताई रडल्या. फॉर्म मी भरला होता.

३ सप्टेंबर
अलिबागला मुलांच्या डॉक्टरांकडे. इन्फेक्शन उतरलंय. बोलणं कमी झालंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, घरात किती भाषा? मी बोटं मोजली तसे ते हसले. एवढ्या भाषांनी डोक्यात गोंधळ होतो, म्हणाले, एकच ठरवा.
परत येताना एसटीत शिबू खिडकीकडे बघत होता. रेवदंडा गेल्यावर म्हणाला, “मैं छोड़ देता हूँ. इधर मराठी ही चलेगा.” मी नको म्हणायला हवं होतं. बरं वाटलं मला. हेही लिहून ठेवते.

८ सप्टेंबर
गणपतीसाठी कोळीवाड्यात, आयकडे. सगळी भावंडं, पोरंटोरं. आय मीनूला मांडीवर घेऊन तिच्या बोलीत काहीबाही सांगत होती आणि मी दर वाक्याला दुरुस्त करत होते. ‘पानी’ नव्हे आय, ‘पाणी’. ‘न्हाय’ नव्हे, ‘नाही’. सगळ्यांसमोर. चौथ्यापाचव्या वेळी तिनं मीनूला खाली ठेवलं. पदरानं हात पुसले.
“मना शुद्ध येत न्हाय. मंग मी तिला जीव कंच्या भाषेत लावू?”
माझा भाऊ आरतीची तयारी करायला उठला.

२४ सप्टेंबर
आय दर गुरुवारी बाजार आटोपला की यायची. दोन गुरुवार आली नाही. आज शेजारणीच्या हाती बोंबील पाठवले. साफ करून.

९ ऑक्टोबर
नियम पाळतोय. घरात फक्त मराठी. शिबूला चार वाक्यं येतात. ‘इकडे ये.’ ‘जेवलीस का.’ ‘छान.’ ‘झोप.’ तेवढी झाली की तो गप्प. आधी कामावरून आला की तासभर तिच्याशी बोलत असायचा, मला काही कळायचं नाही, पण घर भरल्यासारखं वाटायचं. त्याची आई फोन करते. तो कॅमेरा मीनूकडे धरत नाही.
मीनू बोटानं दाखवते. फ्रिज, दार, चप्पल. बोलली तर ‘अं’. सगळीकडे ‘अं’.

२१ ऑक्टोबर
डायरीच्या शेवटच्या पानावर तिचे शब्द लिहायला घेतले होते, महिन्यात किती वाढतात ते बघायला. आज पान फाडलं. लिहायला काही नव्हतं.
नोकरी सोडते, असं शिबूला म्हटलं. तो म्हणाला, घरी बसून कोणती भाषा बोलशील? टोमणा नव्हता, खरंच विचारत होता.

१२ नोव्हेंबर
पनवेलला स्पीच थेरपिस्टकडे. तरुण मुलगी. टेबल सोडून मीनूसोबत जमिनीवर बसली, ठोकळे काढले. तासभर. मीनू खेळली, अवाक्षर नाही.
मग मला विचारलं, काय काय बंद केलंत? मी सांगितलं, सगळं सांगितलं. पाण्याचंही. तिची मान खालीच होती. म्हणाली, “भाषा जास्त झाल्या म्हणून पोर गप्प होत नाही. बंद करायची गरजच नव्हती, ताई. जे येतं ते बोला सगळ्यांनी.”
कधी बोलेल? सांगता येत नाही. दर पंधरा दिवसांनी या.
तर ते सगळं फुकट. शिबूनं सोडलं ते, आयला दुखावलं ते.

१३ नोव्हेंबर
शिबू आज कामावरून लवकर आला, दाढी करून, पाहुणा आल्यासारखा. तिच्यासमोर बसला. “मोळे, वा,” म्हणाला, म्हणजे ये बाळा. पूर्वी धावत जायची.
उठून गेली त्याच्याकडे. आणि त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. रागानं नाही. दार लावतात तसा. तो पुढचं बोलायला गेला, तर दुसराही हात ठेवला.
तो तसाच बसून राहिला, हात न काढता. मी ओट्याकडे तोंड केलं.

१ डिसेंबर
आयकडे गेलो, मी आणि मीनू. आय अंगणात वलांडीवर, वाळवणाच्या बांबूंवर, बोंबील घालत होती. चुकले म्हटलं. डॉक्टर चुकले, मीही चुकले, तू बोल तिच्याशी, तुला हवं तसं. आयनं ऐकलं. काम थांबवलं नाही.
“आता भ्या वाटतंय,” म्हणाली. “माझ्या बोलन्यान अजून काय बिघडला त?”
माझी आय. बाजारात दहा जणींच्या वर आवाज असतो तिचा.
मीनू पाटीजवळ बसली आणि एकेक बोंबील उचलून तिच्या हातात द्यायला लागली. आय घ्यायची, टांगायची, पुन्हा हात पुढे करायची. अख्खी पाटी रिकामी झाली. निघताना आयनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि ओठ हलवले, पण आवाज काढला नाही.

१९ डिसेंबर
पनवेलची तिसरी खेप. तेच. येताना मीनूला बसमध्ये उलटी झाली तरी आधी काही सांगितलं नाही, नुसती माझा दंड घट्ट धरून होती. दंड धरला की मळमळतंय, हे मला आता कळलं.
सुजाताताईंनी भिंतीवर कागद लावलाय. पाणी, शू, भूक, पुरे, आई. पुढे शिबूनं सांगितलेले मल्याळम शब्द, आयचे शब्द, त्यांच्या वळणदार अक्षरात. त्या रोज वाचून दाखवतात. मीनू कागदाकडे पाठ करून बसते.

११ जानेवारी
रविवार. सकाळी मी मागच्या पडवीकडे निघाले होते, कपडे घेऊन. मीनूचा आवाज आला. पायरीवर शेजारच्यांची मांजर होती आणि ही तिच्याशी बोलत होती. हळू, भराभर, मध्ये थांबून, जणू मांजर उत्तर देतेय. दोनेक मिनिटं तरी. मी दाराआड उभी. एक शब्द ओळखीचा नाही.
बादलीला पाय लागला. ती थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले.
आत आले. शिबू खिडकीशी उभा होता, त्यानंही ऐकलं होतं. डोळे ओले. मी विचारलं, काय म्हणत होती ती, तुमच्या भाषेतलं होतं ना?
तो म्हणाला, “मुझे लगा तुम्हारा है.”