मोहटोल्यातलं लग्न

बाबा, मागच्या महिन्यात प्रकाशकांचा फोन आला. तुमची मोहटोल्याची सगळी पुस्तकं पुन्हा छापायची आहेत आणि मुलगी म्हणून मी चार पानांची प्रस्तावना लिहावी, असं त्यांना वाटतं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी लोकांना ते गाव अजून हवं आहे म्हणे. असणारच. तिथे कधी खून होत नाही. देवळातली घंटा चोरीला जाते, कुणाची म्हैस नाहीशी होते, आणि रिटायर झालेल्या पोस्टमास्तरीणबाई चष्मा पुसत पुसत दीडशे पानांत चोर शोधून काढतात. चोरालाही शेवटी जेवू घालतात. लहानपणी मला ते गाव खरंच वाटायचं. काटोलच्या बसमध्ये बसले की मी खिडकीतून त्याची पाटी शोधायची.

आपलं घर महाल या जुन्या वस्तीतलं, भाड्याच्या दोन खोल्यांचं. सकाळी कचेरीत जाण्याआधी तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायचात. तुमचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे, म्हणून दुपारची भांडी झाली की आई त्याच टेबलावर सगळं पुन्हा नीट लिहून काढायची. मोहटोल्यात कुणी कुणावर रागावत नाही. आपल्याकडे तुम्ही लिहीत असताना झाकण जरी पडलं, तरी तुम्ही दोन-दोन दिवस आईशी बोलत नसायचात.

त्या सकाळीही तुम्ही लिहीतच होता. आई चहा गाळत होती. मी तेवीस वर्षांची, नुकती शाळेत नोकरीला लागलेली. मी सांगितलं, मला लग्न करायचं आहे, माझ्याबरोबर बी.एड.ला होता त्याच्याशी. तुम्ही त्याला ओळखत होता. तो आपल्याकडे येऊन पोहे खाऊन गेला होता. त्याच्या आजोबांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हेही त्यानेच तुम्हाला अभिमानाने सांगितलं होतं.

"मुलगा चांगला आहे, मले माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "पण हे होणार नाही."

"काहून, बाबा?"

"काहून म्हणजे? मले याच गल्लीत राहाचं आहे. आता जा. मी लिहून राहिलो, दिसत नाही का?"

लग्न नोंदणी कचेरीत झालं. आई एकटी आली, सायकलरिक्षातून. "त्याईले प्रुफं तपासाची आहेत," एवढं म्हणाली आणि माझ्याकडे न बघता सहीसाठी पेन मागितलं.

आठ महिन्यांनी तुमचं नवं पुस्तक आलं. ते घेऊन आई आमच्याकडे आली, दारातच म्हणाली, "तुह्या लग्नाचं लिहिलं त्याईनं." ते सगळं तिने स्वतःच्या हाताने उतरवून काढलं होतं, आणि तोवर मला एका शब्दाने बोलली नव्हती. पुस्तकात एका मास्तरांची मुलगी आपल्या मनाने लग्न ठरवते, लग्नपत्रिकांचा गठ्ठा गायब होतो, पोस्टमास्तरीणबाई तो रुसलेल्या काकाच्या माळ्यावरून काढतात. आणि मास्तर, म्हणजे मुलीचे वडील, मांडवाच्या दारात उभे राहून एकेका पाहुण्याला हाताला धरून पंगतीत बसवतात. ते पान वाचून मी पुस्तक भिंतीवर फेकलं. नवऱ्याने ते उचललं, शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे विचारलं, "सारं गाव आहे यात. मी कोणत्या गल्लीत राहतो वं?" मी शोधलं, बाबा. सुताराचं घर होतं, सोनाराचं होतं, देवळामागच्या विहिरीवर अख्खं एक पान होतं. मुलाबद्दल दोनच शब्द होते. परगावचा मुलगा.

तुम्हाला पत्रं खूप आली. एका गृहस्थांनी लिहिलं, हे वाचून मी माझ्या मुलीच्या लग्नाला होकार दिला. ते पत्र तुम्ही आईला दोनदा वाचून दाखवलंत. आणि त्याच शहरातल्या, नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी, स्कूटरवर वीस मिनिटांच्या वाटेवर, मरेपर्यंत एकदाही आला नाहीत. आजोबा कुठे राहतात असं माझ्या लेकीने विचारलं की मी सांगायची, मोहटोल्याला. तिला ते कितीतरी दिवस खरं वाटत होतं.

प्रस्तावना आधी मी खरी लिहिली. स्वयंपाकघर, ती सकाळ, आईची सही, सगळं. मग फाडून टाकली आणि दुसरी लिहिली. तिच्यात तुम्ही माझ्या लग्नाला आला आहात. दारात उभे राहून माझ्या सासरच्या माणसांना एकेकाला हाताला धरून पंगतीत बसवता आहात. प्रकाशक म्हणाले, वाचून डोळे भरून आले. नवऱ्याला मी ती अजून दाखवलेली नाही. पुस्तक आलं की तो वाचेल, आणि तेव्हा त्याला काय सांगायचं, ते मला सुचत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक सांगते, बाबा. ते खोटं लिहिताना मला फार बरं वाटलं.