डुकरांनी उकरलेला वाफा

आत्याबाई,

धार काढलीय, भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. माहेरी माझी आई आजारी नाही. काल तसं सांगितलं ते खोटं होतं. मी संगमनेरला चाललेय, तिथं चिखलातली शर्यत आहे. जाळीखालून सरपटायचं, भिंतीवर चढायचं आणि पळायचं. बचत गटातल्या आम्ही चौघींनी एकत्र नाव दिलंय, एक जण मागं फिरली तर चौघी बाद.

मला यातलं काहीच येत नव्हतं, म्हणून महिनाभर पहाटे मळ्यात सराव केला. कांद्याच्या रोपाला पाणी दिलं की कडेला चांगला चिखल होतो. पहिल्याच दिवशी अंधारात अंदाज चुकला आणि अख्खा वाफा माझ्याखाली चिरडला गेला.

तुम्ही माझ्याच गुडघ्यांचे खड्डे मला दाखवलेत. रानडुकरांनी उकरलं म्हणालात आणि मी नुसती ‘व्हय’ म्हणाले. मग तुम्ही पेटीतल्या जुन्या साड्या काढून मळ्याला कुंपण केलंत. कमी पडलं म्हणून मामांनी जायच्या आधी तुम्हाला घेतलेली शेवटची हिरवी साडीसुद्धा बांधलीत.

तरी दुसऱ्या पहाटेपासून मी त्याच साड्यांखालून सरपटत होते. परवा हिरवी माझ्या पाठीला अडकून फाटली. धुऊन, जमेल तशी शिवून तुमच्या उशाशी ठेवलीय.

संध्याकाळच्या धारेला येते. काय बोलायचं ते तेव्हा बोला.

बाकीच्या साड्या सोडून घ्या. डुक्कर एकच होतं, ते आज शर्यतीला गेलंय.

रेश्मा