चुंबक लावलं कुणी

अप्पा, तुमचं चुंबक अजून चालतं. रायफल कारखान्यात माल तपासताना तुमच्या सदऱ्याच्या खिशात असायचं तेच, नालाच्या आकाराचं, लाल रंग उडालेलं. आता ते माझ्या खिशात असतं, दुबईबाहेरच्या एका शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये. तुम्ही मला पहाटे संस्कृत पाठशाळेत पाठवायचात, म्हणायचात, "हत्यारं कोणीही दुरुस्त करील, तू डोक्याला धार लाव." लावली, आणि शेवटी हत्यारंच दुरुस्त करतोय. देवभाषेला इथे गिऱ्हाईक कमी.

सध्या आमच्या सभासदांना टायटॅनियमचं वेड लागलंय. बोल्ट-ॲक्शन रायफलमधली फायरिंग पिन, काडतुसाच्या बुडावर ठोका मारणारी, मूळची पोलादाची. टायटॅनियमची हलकी, म्हणून ट्रिगर ओढल्यावर ठोका किंचित लवकर पडतो. तेवढ्या अवधीतही हात हलतो म्हणे. मला वाटतं तो कॉफीने हलतो, पण मी पडलो पगारी माणूस. माझी शंका निराळी. टायटॅनियमचं टोक ठोके खाऊन चेपतं, आणि हलकी पिन जुन्या स्प्रिंगवर पुरेसा ठोका देईल याची खात्री कोण देणार? पोलाद जड खरं, पण त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात शारजातल्या रोल्ला भागातून सप्लायरचा माणूस नमुने घेऊन आला. मूळचा गुहागरकडचा, माझ्याच वयाचा, आणि जरा जास्तच गोड बोलणारा; तिथेच माझा संशय सुरू झाला. क्लबचे मॅनेजर शेजारीच उभे होते. मी तुमचं चुंबक काढून पिनच्या टोकाला लावलं. तुमची शिकवणच तशी, जिथे काम होतं तिथे तपास. चिकटलं. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. पिन हातात हलकी लागत होती, तर म्हटलं, आतून पोकळ केली असणार. संशय आला की पुरावा स्वतःहून वाकून दाखवतो. "माल नकली आहे," मी इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "खलास. ये आदमी फिर नहीं आयेगा." तो नमुने गोळा करून गेला.

काल तो पुन्हा आला, गेटवर तासभर थांबून. कंपनीने त्याचा व्हिसा कॅन्सल करायचं ठरवलंय. क्लबमध्ये नकली माल दाखवला, हे कारण. त्याची मुलगी इथे दहावीला आहे. खिशातून तीच पिन काढून त्याने टेबलावर ठेवली.

"लावा साहेब चुंबक. पण आज जरा खाली लावा. कमरेला."

लावलं. चिकटलं नाही. दोनदा लावलं, तरी नाही.

"अंग टायटॅनियमचं, टोक पोलादाचं," तो म्हणाला. "ठोके खाऊन टोक चेपू नये म्हणून. आता टोकाला पोलाद नको, तर काय चांदी लावू?"

म्हणजे मला जी भीती होती तिचाच इलाज माझ्या हातात होता, आणि मी त्यालाच नकली म्हणालो होतो. एका भागावरून अख्ख्या वस्तूचा निर्णय: न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, वर्कशॉपमध्ये गाढवपणा. मी पुटपुटलो, "माझ्या वडिलांची पद्धत आहे हो ती."

"वडलांना कशाला मध्ये आणता? तपासलंत त्याचा राग नाही साहेब. मॅनेजरसमोर एकदाच, एकाच जागी तपासलंत, त्याचा आहे."

घरी, दुबईतल्या करामा भागात, येऊन मेल लिहायला बसलो. पहिलं वाक्य झालं: 'तपासणीच्या जुन्या पद्धतीमुळे गैरसमज झाला.' वाचलं, आणि समोर मामाचा डबा दिसला. आठवतो? दिवाळीला मामाने आणलेला स्टीलचा डबा. आपल्या स्वयंपाकघरात चुंबकाला चिकटलं की स्टील हलक्या प्रतीचं, असा नियम. डब्याला चुंबक चिकटलं, आणि मामा फराळाच्या ताटावरून उठला. पुढे कित्येक वर्षं आला नाही. तो डबा मी इथवर आणलाय. अजून गंजाचा ठिपका नाही. चिकटणारं स्टीलही चांगलं असू शकतं, हे मला पुढे कळलं. तुमचा संशयी स्वभाव ही घरातली जुनी गंमत. बायकोला, मुलीला मी ती कितीदा सांगितलीय, तुमच्या आवाजाची नक्कल करून.

पण खुंटीवरच्या तुमच्या सदऱ्यातून त्या दिवशी चुंबक मी काढलं होतं. डब्याला मी लावलं, आणि "चिकटलं! चिकटलं!" म्हणून सगळ्यांसमोर ओरडलोही मीच. तुम्ही मामाच्या तोंडाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "मीच सांगितलं त्याला लावायला." खोटं बोलताना तुम्हाला मी तेवढंच एकदा पाहिलं. मामा गेला तो तुमच्यावर रागावून.

मेलमधलं ते वाक्य खोडलं. लिहिलं: 'माल अस्सल आहे. तपासणी मी अर्धवट केली. चूक माझी, त्याची नाही.' मॅनेजरला पाठवलं, त्या सप्लायर कंपनीलाही. उत्तर अजून आलेलं नाही. दर पाच मिनिटांनी बघतोय.

तुम्हाला आता पत्र पोचायचं नाही, म्हणून हे मामाच्या डब्यात ठेवतो. मामा रत्नागिरीला आहे, त्याला फोन लागतो. अजून लावलेला नाही.