मधूच्या पत्रावळीवरची पोळी

२ ऑगस्ट १९८१, रविवार
विजूनं नाटक लिहिलं आहे. त्याच्या कचेरीतली मंडळी कॉलनीच्या गणपतीत करणार. कागद माझ्या हातात दिले. म्हणाला, "पहिले वाच, मग बोल."

मागच्या दारी बसून वाचलं. मी सगळंच वाचत गेले. (आई आत जाते.) (बाबा तांब्या सरकवतात.) विजू हसला. कंसातलं वाचायचं नसतं म्हणे, करायचं असतं. शाळेत गेले असते तर माहीत असतं. मी वाचायला शिकले ती पोरांच्या जुन्या पुस्तकांवर, त्यात नाटक नव्हतं.

पहिले काही कागद वाटलं, कोणाच्या तरी घरचं आहे. मग पोळा आला. पंगत बसली. पहिल्या पत्रावळीवर शेतावरचा सालदार, दुसरीवर बाप, तिसरीवर मोठा, चौथीवर धाकटा. मोठा म्हणतो, मी लग्न केलं. बाप म्हणतो, त्याले वाढू नको.

तिथेच थांबले. वरण खाली लागलं.

३ ऑगस्ट
सकाळी उरलेलं वाचलं. नाटकातली आई हातात पोळी घेऊन उभी आहे. नवरा वाढू नको म्हणतो. ती मोठ्या मुलाला ओलांडून जाते आणि ती पोळी धाकट्याच्या पत्रावळीवर टाकते. मोठा उठून जातो. पडदा.

असं झालं नव्हतं. मी माझ्या मोठ्याला, मधूला, ओलांडलं नाही. हातातली पोळी फाटली होती, पुरण बाहेर आलं होतं, म्हणून तव्यावरची आणायला आत गेले. परत आले तर मधूची जागा रिकामी. सहा वर्षं मला हे असंच माहीत आहे.

विजू दाढी करत होता. त्याला म्हटलं, हे खोटं काऊन लिहिलं?
"आई, नाटक आहे ते."
"पोळा तोच, सालदार तोच, तुझ्या बाबांचे शब्द तेच."
त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. मग म्हणाला, "ते पोळी मी खाल्ली, आई. माह्याच पत्रावळीवर पडली होती. मले माहीत नसंन तं कोणाले असंन?"

तो तेव्हा सतराचा होता. एवढं आठवतं का सतराव्या वर्षी? आठवतही असेल.

५ ऑगस्ट
मधू येऊन गेला. सेवाग्रामहून सायकलनं येतो, पंधरा दिवसांतून एकदा, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन. पुढच्या खोलीत खाटेवर बसतो. पाणी पितो. जेवतोस का म्हटलं की, "जेवून आलो." आजही तेच. घड्याळात साडेदहा. साडेदहाला कोण जेवून येतं.

त्या पोळ्यापासून ह्या घरात त्यानं एक घास खाल्लेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात हे गेले तेव्हा आला, खांदा दिला, तेरवीला सगळ्या लोकांना त्यानंच वाढलं. स्वतः नाही जेवला. मी कधी विचारलं नाही.

विचारलं नाही कारण ह्यांनी म्हटलं म्हणून तो जेवत नाही, असं मी धरून चालले. ह्यांनी म्हटलं, आणि हे तर आता नाहीत. त्यात माझ्या हातात काय. पण मी ओलांडलं असेल तर मग माझ्यामुळे जेवत नाही. आणि मी तर आहे.

९ ऑगस्ट, रविवार
विजू तालमीला घेऊन गेला. शाळेचा हॉल. आईचं काम पद्माबाई करते, प्राथमिक शाळेत शिकवते, चांगली आहे पोरगी. पण पंगतीत कधी वाढलं नाही तिनं. पत्रावळीवर आधी भातच टाकायला निघाली. तिला शिकवलं. आधी मीठ, मग चटणी, भाजी, मग भात-वरण, मग पोळी. पोळ्या खाकी कागदाच्या, गोल कापलेल्या. बैलांच्या ऐवजी एक जण आडून घुंगरं हलवतो.

बापाचं काम हेडक्लार्क करतात. "त्याले वाढू नको!" असे ओरडले की पद्माबाई दचकली.

मी विजूला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांनी एवढ्या जोरात नव्हतं म्हटलं. हळू म्हटलं होतं. पाणी मागावं तसं.
"हळू म्हटलं तं मागच्यायले ऐकू नाई येत, आई."

मग पद्माबाई म्हणाली, मावशी, तुम्हीच एकदा चालून दाखवा. मी कागदाच्या पोळ्या घेतल्या. सालदाराला वाढली. बापाला वाढली. तिसऱ्या पत्रावळीपाशी आले, हात पुढे झाला आणि तसाच मागे आला, आणि पाय पुढे गेले. चौथीवर पोळी पडली.

कोणी सांगितलं नव्हतं. पद्माबाई म्हणाली, हां, आता कळलं, अस्संच करते.

मला मात्र काही कळेनासं झालं. माझ्या पायांना आठवत होतं म्हणून ते गेले, की आठवडाभर ते कागद वाचून वाचून…

१२ ऑगस्ट
वाचनालयातून पुस्तक आणलं. प्रवासाचं आहे, हिमालयाचं. चार पानं झाली. लक्ष नाही.

फाटलेली पोळी मी कुठे ठेवली? आत घेऊन गेले असेन तर परातीत ठेवली असेल. नंतर कोणी खाल्ली? मी खाल्ली का? त्या दिवशी मी जेवले का, हेच आठवत नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार. पोळा
सीताराम आला. शेत आता दिराकडे आहे, सीताराम तिकडेच कामाला. पण पोळ्याला धोतर घ्यायला आणि जेवायला इथे नालवाडीला येतो, मी आहे तोवर येईन म्हणतो. पद्धतीप्रमाणे पहिलं पान त्याचं. तो जेवल्याशिवाय घरात कोणी बसत नाही. ह्यांच्या वेळीही तसंच.

तोही होता त्या पंगतीत. आज त्याला वाढता वाढता विचारलं. सीताराम, त्या पोळ्याला मी मधूला वाढलं होतं का रे?

त्यानं घास थांबवला नाही. "बाई, मी तं खाली पाहून जेवत होतो."
"तरी?"
"मालक बोलले, तवापासून मान वर केलीच नाई मीनं. घरच्यायच्या भांडनात सालदारानं वर पाहावं काय? नंतर म्हनतीन, यानं पाह्यलं."
"काहीच आठवत नाही?"
"पोळी गरम होती, येवढी याद आहे."
"कोणती पोळी?"
"मले वाढली ते. आजचीबी गरमच आहे." आणि हसला.

मीही हसले. विजू दारात उभा होता, तो नाही हसला. सीताराम गेल्यावर म्हणाला, "तू आता गावभर विचारत फिरणार काय?" मी म्हटलं, तू गावाला दाखवणार आहेस, मी विचारूही नको?

मधू पोळ्याला येत नाही. आलाही नाही.

३० ऑगस्ट
आज तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. विजूचा लाकडी बैल माळ्यावर आहे, मधूचा सापडला नाही. मुरमुरे वाटले.

विजूनं विचारलं, शेवट बदलू का. मी म्हटलं, काय करशील? म्हणाला, आई आत जाते असं लिहितो. मी हो म्हणणार होते. पण उद्या पद्माबाई आत गेली आणि मधूनं ते पाहून म्हटलं की आई खोटी आहे, तर? राहू दे म्हटलं. विजूचा चेहरा उतरला. बदलायलाच सांगेन असं वाटलं असेल त्याला.

८ सप्टेंबर, मंगळवार
नाटक झालं. संध्याकाळी सातला सुरू. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसले. विजूनं मधूला सांगितलं होतं हे मला माहीत नव्हतं. वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत मधू, बाजूला शालू. मधूची बायको. तिला मी ह्याआधी दोनदा पाहिलं. एकदा हे गेले तेव्हा अंगणात उभी होती, एकदा बाजारात. बाजारात तिनं नमस्कार केला होता. मी केला का? केला असेल.

ती सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. बौद्ध आहे. एवढंच होतं ते सगळं, जे ह्यांना चाललं नाही.

पद्माबाई तिसरं पान ओलांडून गेली. अगदी मी शिकवलं तसं. माझ्या शेजारची बाई तिच्या सुनेला म्हणाली, "कशी बाई आहे वं, पोटच्या पोराले." मी थोडं सरकून तिला जागा करून दिली.

टाळ्या पुष्कळ पडल्या. बाहेर आले तोवर ती दोघं निघून गेली होती.

९ सप्टेंबर
सकाळीच मधू. गोळ्या अजून संपायच्या होत्या, तरी आला. खाटेवर बसला नाही, उभ्यानंच बोलला.

"विजूनं खोटं लिहिलं, आई. तू वाढून राह्यली होती मले. मीच पानावर हात आडवा धरला. म्हणून तू पुढं गेली."

आतून विजू: "कोणता हात?"
"उजवा."
"उजव्या हातात घास होता तुह्या. भाताचा. मी बाजूलेच बसलो होतो."
"तू पोळी खाण्यात होता, भुक्कड."
"तेच तं सांगून राह्यलो नाटकात, की मी खाल्ली."

दोघं असे भांडले की मला ते आठ-दहा वर्षांचे दिसायला लागले. बरंही वाटलं. पण आता तीन झाले. मी आत गेले, मी ओलांडलं, त्यानं हात धरला. मधू खरं सांगतो की आईला बरं वाटावं म्हणून सांगतो, हे त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखता आलं नाही. पूर्वी यायचं.

मग सहा वर्षांचं एकदाचं विचारलं. मी वाढत होते, तर मग इथे जेवत काऊन नाहीस?

त्यानं एक चप्पल घातली होती, ती काढली. परत घातली.

"तू शालूले कधी जेवाले बोलावलं, आई? तिले घरी ठेवून मी एकटा इथं जेवू?"

दारापर्यंत जाऊन तो वळला. "बोलावलं असतं तं ते आली असती का, तेबी मले माहीत नाई. पण तू बोलावलं नाई."

विजू बराच वेळ आतून बाहेर आला नाही.

१० सप्टेंबर
ओलांडलं की नाही ओलांडलं, ह्यातच मी महिना घातला. महिना कसला. आणि तो वेगळंच धरून बसला होता. ह्यांच्या जाण्यालाही पाच वर्षं झाली. पाच वर्षं मला कोणी अडवलं नव्हतं.

१४ सप्टेंबर, सोमवार
सकाळच्या एसटीनं सेवाग्रामला गेले. विजूला सांगितलं नाही. क्वार्टर विचारत विचारत सापडलं. शालू रात्रपाळी करून आली होती, केस मोकळे, डोळे लाल. मला पाहून आधी घाबरली. "काय झालं, आई? तब्येत?"

मी दारातूनच सांगून टाकलं, तोंडपाठ करून नेलेलं. "गुरुवारी ह्यांचं पित्र आहे. दोघं जेवायला या."

तिचा चेहरा पाहून काही चुकलं एवढं कळलं. काय चुकलं ते कळेना. मी मनात सगळं ठरवलं होतं, वार, भाज्या, वडे, कोण कुठे बसेल. घरात माणसं बोलवायची म्हणजे मला तेवढंच मोठं जेवण सुचलं.

ती हळूच म्हणाली, "आई, आम्ही पित्र करत नाई. पित्राचं जेवतबी नाई. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते सगळं."

हे मला माहीत होतं. वाचलेलं आहे मी. तरी गेले आणि म्हणून बसले. आणि कोणाचं पित्र, तर ह्यांचं.

निघते म्हटलं. तिनं बसवलं. चहा आणला, साखर कमी, मधूनं सांगितलं असेल. मी प्यायले. भिंतीकडे पाहत होते. मग तीच बोलली, "रविवारी सुट्टी आहे मले. नुसतं जेवाले बोलावता का? काही निमित्त नको."

म्हटलं, ये रविवारी. दोघं या असं म्हणायचं राहिलं. एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "साधंच करा. पुरणपोळी नका करू." मला त्रास नको म्हणून म्हणाली, की नाटकातली ती पोळी तिच्याही लक्षात आहे?

१७ सप्टेंबर
पित्र झालं. दीर-जाऊ आले होते. जावेला कुठून कळलं कोण जाणे.
"रविवारी पाहुणे आहेत म्हणे तुमच्याकडे."
"मधू आणि त्याची बायको."
"इथंच जेवतीन? आत?"
"जेवायच्या खोलीत जेवतात माणसं."
"भाऊजी असते तं?"

मी तिला वडा वाढला. नको नको म्हणेपर्यंत दोन वाढले. दीर खाली पाहून जेवत होते.

१९ सप्टेंबर, शनिवार
दुपार. उद्याचं ठरलं: भरली वांगी, ज्वारीची भाकर, भात, वरण, थोडी खीर. विजू म्हणतो तो वाढणार, मी बसायचं. मी हो म्हटलेलं नाही.

मधूचा काही निरोप नाही. येतील. रविवार तिनंच सांगितला.

जेवायच्या खोलीत ह्यांचा फोटो आहे. पाटावर बसलं की बरोबर समोर येतो. दुपारी स्टुलावर चढून काढला. लावून टाकला. परत काढला. ह्यांच्यासमोर तिला वाढायचं, की ह्यांना बाहेरच्या खोलीत ठेवायचं, म्हणजे मग हे पाहुण्यासारखे बाहेर आणि ती आत. दोन्ही बरोबर वाटत नाही. हे असते तर सहा वर्षांत मऊ झाले असते असं कधी कधी वाटतं. कधी अजिबात वाटत नाही. मऊ व्हायला वेळच मिळाला नाही त्यांना.

विजूनं पाहिलं. त्याला म्हटलं, पुसायला काढला. पुसला. काच स्वच्छ आहे. खिळा रिकामा आहे. फोटो मांडीवर आहे, वही त्याच्यावरच ठेवून लिहिते आहे.