गरम पिनांची मापे

अण्णा, घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. नगरच्या कारखान्यात लष्करी लॉऱ्यांच्या पिस्टनच्या पिना होतात. त्या मी तपासते.
२. नव्या पद्धतीप्रमाणे दर तासाला पाच पिना मोजून तक्त्यावर टिंब मांडायचे. रेघ सरकू लागली की माल बिघडण्याआधी यंत्र सुधारायचे.
३. दुपारी रेघ वर जाई. म्हणून मी लेथवरच्या टर्नरला पिना आणखी बारीक करायला लावल्या.
४. जुळणीत त्या सैल निघाल्या. शुक्रवारी टर्नरला कामावरून काढणार आहेत.

तो कर्जतकडचा, वयाने तुमच्याएवढा. पहिल्याच दुपारी म्हणाला होता, "बाई, गरम हाय ती अजून. निवू द्या की जरा." मी म्हटले, माप घेणे माझे काम आहे. तो शेजारच्याकडे वळला. "आमी लोखंड कापतो, बाई कागूद कापत्यात." सगळे हसले. त्यानंतर पिना निवायला मी थांबले नाही.

मला आठवते, तुम्ही शाळेतून पितळी गोळा आणि कडे घरी आणले आहे. आई म्हणते, "भात राहिलाय चुलीवर, गोळे कसले भाजताय?" थंड गोळा कड्यातून जातो, तापलेला अडतो. मी दहा वर्षांची, पाटीवर लिहिते: गोळा मोठा झाला. तुम्ही पाटी परत देता. "किती तापल्यावर, ते लिही. नाहीतर पूस."

काल सकाळी मी त्याच पिना पुन्हा मोजल्या. निवल्यावर प्रत्येक कमी भरली. तक्ता बरोबर होता, त्यावरची मापे चुकीची होती. इथे बाई तपासनीस म्हणून मला अजमावण्यापुरते घेतले आहे. चूक सांगितली तर मी जाईन, आणि पुन्हा बाई घेणार नाहीत. हे कारण मी दिवसभर स्वतःला सांगत राहिले. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

खुलासा लिहून झाला आहे. टर्नरचा दोष नाही, मापे माझी चुकली, एवढाच. एक गोष्ट त्यात लिहिलेली नाही. पिन बोटांना चटका देत होती, आणि तरी मी आकडा लिहिला.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली. हे पत्र कुठे टाकायचे नाही, हे मला कळते. पण खुलाशावर पूर्ण सही लागते आणि मधले नाव तुमचे आहे. ते घालू की नको, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे.