चुना खाल्लेलं कोकरू

वडगाव, बेळगाव
मंगळवार, ६ सप्टेंबर १९३८

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार. तुझा खोकला आणि दाजींचा तंबाखूच्या वखारीतला ठसका, दोन्ही बरे असावेत. आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझ्या धाकट्या जावेचं, सत्यवतीचं, कोकरू माझ्या कोकरापेक्षा चार बोटं उंच आहे. ते चुकलं. काल ती पाण्याला गेल्यावर पुन्हा मोजलं. पाच बोटं आहे.

एकाच मेंढीची जुळी. सासूबाईंनी आम्हा दोघींना एकेक दिलं. तिचं उड्या मारतं. माझ्याचे पुढचे पाय वाकलेले, पोट मात्र घागरीएवढं. हाडांना चुना लागतो हे मला ठाऊक (आप्पांनी आपल्या घरात मुलगी म्हणून पहिली मला शाळेत घातली, त्याचा एवढा उपयोग), म्हणून सासूबाईंच्या चंचीतला चुना घेऊन त्याची निवळी पाजली. अंड्यांची टरफलं कुटून घातली. तिच्या कोकराला मिळू नये म्हणून विहिरीकाठचं ओलं, हिरवंगार गवत रोज पहाटे मीच कापून आणलं. सासूबाई बिनचुन्याचं पान खात माझ्याकडे बघत होत्या. पाय आणखीच वाकले. सत्यवती काय चारते ते बघायला मी गंजीमागे लपले (खरं लिहायचं तर दोनदा). काही नाही. ऊन वर आलं की नुसती उंच माळावर सोडते.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "दसऱ्याआधी सरळ हुबं ऱ्हायलं न्हाय, तर खाटकाला द्यायचं बघ." मग मात्र मी ते काखेत घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, आतून पांढरीफट. म्हणाले, "बाई, चारताय तुमी, जेवतंय दुसरंच. जंत हाईत." जंतांनी आतडं खराब केलं, की चुना आणि हाडांना लागणारे बाकीचे क्षार अंगी लागतच नाहीत, हाडं मऊ राहतात. आणि जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. म्हणजे आक्का, मी रोज पहाटे उठून जंतच कापून आणत होते.

त्यांनी मोरचुदाच्या पाण्याची बाटली दिली. जुळ्या दोघांनाही एकदमच पाजा म्हणाले, नाहीतर जंत अंगणात राहून परत येतील. बाकी इकडे सारं ठीक. पोरांचे माझ्या वाटणीचे मुके घे.

तुझी,
अंबू

ता. क. औषध एकालाच पुरेल, असं मी घरी सांगितलं आहे.

ता. क. दुसरा. वरचं लिहिल्यापासून घास उतरत नाही. दोघांनाही पाजणार. पण तिचं कोकरू आणखी बोटभर वाढेल ते माझ्या हातून, हे सत्यवतीला कळलेलं मला सोसायचं नाही, आणि ती तर पाण्याची खेप सोडली तर कोकराजवळून हलत नाही. तिची आई तुझ्याच गल्लीत राहते. म्हाळाच्या निमित्तानं सत्यवतीला निपाणीला बोलावणं येईल असं कर. (खोटा निरोप नको. आईला लेकीची आठवण येते का, एवढंच विचार, येतेच.) ती गुरुवारी निघाली, की शुक्रवारी, १६ तारखेला, सकाळी दोघांना उपाशी ठेवून पाजीन. आधी तिच्या कोकराला, म्हणजे उरलेलं तिला दिलं असं माझं मला म्हणता येणार नाही.